लाल पेन्सिलीचा रकाना

सांगलीकरांना समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागते, आणि गाडी लागणाऱ्यांनी खिशात आवळासुपारी ठेवावी लागते. त्यामुळे ‘तुम्ही सांगलीचे, मग युद्धनौकांची मॉडेलं कसली करत बसता?’ हे मी गेली अनेक वर्षं ऐकत आलो आहे. घरी येणारे पाहुणे काचेच्या कपाटापुढे थांबतात, डोलकाठ्या मोजतात, ‘किती दिवस लागले?’ विचारतात आणि पाठोपाठ ‘विकता का?’ असंही विचारतात. ‘ही मापं कुठून आणली?’ असं मात्र क्वचितच कुणी विचारतं. मला तो प्रश्न पहिल्यांदा, जिच्या महोत्सवाची ही स्मरणिका आहे त्या आपल्या शाळेत विचारला गेला, तोही चित्रकलेच्या तासाला.

सरांचं नाव इथे लिहीत नाही. छापील कौतुकाची त्यांना चीड होती. माझ्या आगेमागे शिकलेल्यांना कानामागे पेन्सिल आणि हातात लाकडी टी-स्क्वेअर एवढी खूण पुरेल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना ते रविवारीही बोलवायचे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, पण कर्कटकाला टोक नसेल तर घरी पाठवायचे.

आम्ही आठवीत होतो. १९७२ च्या दुष्काळाचं साल, डब्यात मिलोची लालसर भाकरी. त्याआधीच्या डिसेंबरातलं युद्ध अजून सगळ्यांच्या तोंडी होतं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही काही पोरांनी ‘खुकरी’ करायची ठरवली. जवळ वर्तमानपत्रातलं एक धुरकट चित्र होतं, पुठ्ठा होता आणि खळ होती.

सरांनी आमचं कच्चं चित्र बघितलं आणि विचारलं, “काय रे, हिची रुंदी किती?”

आम्हाला होडी ठाऊक होती ती कृष्णेतली, रुंद पोटाची. चित्रातही तीच उतरली होती. सर म्हणाले, “फोटोवरून आकार कळतो, माप कळत नाही.” त्यांचे मेहुणे मुंबईला नोकरीला होते. त्यांनी ब्रिटिश कौन्सिलच्या ग्रंथालयात बसून आकडे उतरवले आणि अंतर्देशीय पत्रातून पाठवले: लांबी ३१० फूट, रुंदी ३३ फूट. ब्लॅकवुड वर्गातली, पाणबुड्यांच्या शिकारीसाठी बांधलेली सडपातळ फ्रिगेट. १:२०० या प्रमाणात लांबी ४७ सेंटीमीटर आणि रुंदी जेमतेम ५. एवढीशी रुंदी बघून आम्ही हिरमुसलो. पण पुठ्ठ्यावर आखून बघितल्यावर ती होडीसारखी दिसायची थांबली आणि पहिल्यांदा युद्धनौका दिसू लागली.

मग सरांनी दोनशे पानी वही आणायला लावली. तिच्यात चार रकाने: भाग, खरं माप, मॉडेलचं माप आणि ‘कुठून?’. शेवटच्या रकान्यात लिहायला काही नसेल तर ती ओळ लाल पेन्सिलीने लिहायची. एका पोराने विचारलं, “सर, लाल म्हणजे चूक का?” सर म्हणाले, “लाल म्हणजे आपलं. कुणी विचारलं तर उत्तर आपण द्यायचं.” डोलकाठीची उंची, जहाज जिथून चालवतात त्या ‘ब्रिज’च्या खिडक्या, मागच्या डेकवरच्या दोन उखळी तोफांमधलं अंतर... अर्ध्याहून अधिक वही लाल झाली. प्रदर्शनात ती वही मॉडेलशेजारी उघडी ठेवावी लागली. परीक्षक आले, वही चाळली, हसले आणि पुढे गेले. बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. शालेय प्रदर्शनात ज्वालामुखीला हरवणारं काही अजून जन्माला यायचं आहे.

पुढे खूप वर्षांनी दीवला गेलो. तिथल्या स्मारकात काचेच्या आत ‘खुकरी’ची प्रतिकृती ठेवली आहे. पिशवीत वही होतीच. तिथे उभं राहून काही लाल ओळींवर निळ्या शाईने दुरुस्ती केली. बायको बाहेर उन्हात वाट बघत होती. तिने त्यावर काय म्हटलं ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

अकरावीऐवजी दहावीला मॅट्रिक होणाऱ्या पहिल्या पोरांत आम्ही होतो. नंतर डिप्लोमा, मग मिरज एमआयडीसीत नोकरी. तिथे बारीक मापं घेणारा व्हर्निअर हाताशी आला आणि लेथवर पितळी तोफा कातता येऊ लागल्या, एवढंच त्या काळाबद्दल इथे सांगण्याजोगं. लाकूड मात्र कारखान्यात शिकलो नाही. ते शिकलो मिरजेच्या सतारमेकरांकडे. तंबोऱ्यासाठी ते तुणाचं लाकूड वापरतात, भोपळे पंढरपूरकडून येतात, हे मिरजेत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी जायचो ते तुकडे मागायला. एका बुजुर्ग कारागिरांनी माझी पटाशी बघितली, काही न बोलता ती स्वतः पाजळून दिली आणि मग म्हणाले, “लाकडाची रेघ कुठं चाललीय ते आधी बघा, मग हात लावा.” जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद खुलवताना, ते तारांखालच्या घोडीवरून कानस इतकी हलकी फिरवायचे की काही निघतंय की नाही, ते डोळ्यांना कळत नसे, कानाला कळे. जहाजाच्या अंगाला बसवायची पातळ पट्टी ओली करून वाफेवर धरायची आणि घाई न करता वाकवायची, हे मी तिथल्याच ओसरीवर शिकलो. तुकड्यांचे पैसे कुणी घेतले नाहीत. चहा मात्र प्रत्येक वेळी माझ्याकडून.

त्या लाकडातून जी मोठी कामं झाली, त्यांतलं मनाजोगतं म्हणजे ‘ट्रिंकोमाली’. हे जहाज आपल्या मुंबईत बांधलेलं, हे अनेकांना ठाऊक नसतं. जमशेदजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली, मलबारच्या सागवानातून, ब्रिटिश नौदलासाठी. १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. कणा घातला तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला होता. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागवानाच्या तेलाने ते टिकतात, हे त्याच्या दीर्घायुष्याचं एक कारण. पण मला त्याची जी हकिकत सर्वांत आवडते ती कागदाची आहे. बांधणीचे नकाशे लंडनहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’शी गाठ पडली आणि ‘जावा’ संपली, नकाशेही गेले. नवे नकाशे आले आणि बांधणी १८१६ साली सुरू झाली. वाडियांसारखा कसबी माणूसही नकाशासाठी थांबला, ही गोष्ट सरांना सांगायची राहिली.

‘ट्रिंकोमाली’चे नकाशे मिळत असल्याने वहीत लाल थोडं होतं. १:९६, म्हणजे फुटाला अष्टमांश इंच. सुमारे १५० फुटी तोफमजला ४८ सेंटीमीटरच्या आत बसतो, तीन इंची फळी पाऊण मिलिमीटरची होते आणि पाच-साडेपाच फुटी खलाशी पावणेदोन सेंटीमीटरचा. दोरांत नवखा माणूस हमखास फसतो. त्या काळी दोराचं माप परिघावरून सांगत, व्यासावरून नव्हे. बारा इंची दोर म्हणजे सुमारे पावणेचार इंच जाडीचा. हे ध्यानात न घेता दोर वळले की जहाजावर अजगर लोंबल्यासारखे दिसतात. सूत इचलकरंजीचं. सुताच्या कोनावर गुंडाळलेले धागे घरीच पिळून दोर वळायचा, त्याला मेण लावायचं म्हणजे लव बसते. डोलकाठ्यांना ताणून धरणारे स्थिर दोर डांबरलेले, म्हणून काळपट. शिडं हलवणारे दोर फिके. बाजारातली बरीच शोभेची जहाजं या एका बाबतीत नापास होतात.

पाणरेषेजवळचे आकडे कोरताना माझा पुतण्या शेजारी बसला होता. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आणि सुकाण्याजवळ फुटांचे आकडे असतात. आकड्याचा तळ पाण्याला टेकला की तेवढे फूट जहाज पाण्यात. त्याला समजवावं लागलं नाही. “आयर्विनच्या पुलासारखंच की, काका,” तो म्हणाला. पावसाळ्यात कृष्णेवरच्या त्या पुलावरचा पुराचा आकडा वाचून भांडीकुंडी माळ्यावर चढवणाऱ्या गावातलं पोर ते.

आता गुरबेबद्दल, म्हणजे मराठा आरमारातल्या शिडाच्या लढाऊ जहाजाबद्दल. या कामाने मला सगळ्यात जास्त छळलं.

आपलं आरमार म्हटलं की छाती भरून येते. पण मॉडेल करायला बसलं की हाताशी काय लागतं? गुरबेचा बांधणी-नकाशा माझ्या हाती कधी आला नाही. सुतार तोंडी मापावर, पिढीजात अंदाजावर बांधत. आणि जहाजं? कान्होजी आंग्र्यांचा १७१४ मध्ये साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या पक्षाशी समेट झाला, त्यानंतर हे आरमार ऐन भरात होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांनी तोफा डागल्या. एक गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडलेलं ते जहाज. तिथून आग पसरली आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी यांचं सारं आरमार जळालं. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. हे लिहिताना हात अजून आखडतो, पण झालं ते तसंच झालं.

उरतं ते मुख्यतः शत्रूने लिहिलेलं. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने गुरबेचं वर्णन केलं आहे: दोन डोलकाठ्यांची असेल तर दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांची, उथळ पाण्यात चालणारी, लांबीच्या मानाने फार रुंद, पण मधून टोकाकडे निमुळती, पुढे गोल नाळेऐवजी लांब सोंड, आणि त्या सोंडेवरून पुढे मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. गलबतं त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की ती गुरबेला ओढून नेत.

वर्णन देखणं, पण फुटांत एकही माप नाही. मग मी उलटा हिशेब मांडला. त्या काळचं इंग्रजी टनेजचं, म्हणजे मापांवरून जहाजाची भारक्षमता काढायचं, सूत्र असं: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करा, उरलेल्याला रुंदीने आणि मग निम्म्या रुंदीने गुणा, ९४ ने भागा. लांबी १०० फूट धरली तर तीनशे टनांसाठी रुंदी २६ फूट येते. लांबी ९० धरली तर २८. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि ऑर्मने हे सूत्रच मनात धरलं होतं कशावरून? ‘फार रुंद’ या शब्दांना मान देऊन मी ९० आणि २८ घेतले. वहीत ती ओळ लालच आहे.

मॉडेल १:४८ ला केलं, ५७ सेंटीमीटरचं. त्यात एक गोष्ट ठरवून केली. ज्याला लेखी आधार आहे ते सागवानात: सोंड, पुढच्या तोफा, तीन डोलकाठ्या. जे माझं आहे ते शिवणीच्या पांढरट लाकडात: मागचा सज्जा, कठड्यांची नक्षी, बाजूच्या तोफांची संख्या, सुकाण्याची मांडणी. रंग कशालाच नाही. जहाज दुरून कोड फुटल्यासारखं दिसतं, हे मलाही मान्य आहे. एकदा प्रदर्शनात एक गृहस्थ चिडले. “महाराजांच्या आरमाराचं जहाज असं अर्धवट ठेवता? भगवं तरी रंगवा!” मी त्यांना स्वीडनच्या ‘वासा’ची गोष्ट सांगितली. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेलं हे जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अख्खं वर काढलं, आणि तरीही त्याच्या मागच्या भागाचा रंग बरीच वर्षं निळा समजत होते. लाकडातले रंगकण तपासल्यावर तो लाल निघाला. अख्खं जहाज समोर असताना ही गत, आमच्या हातात तर राखही नाही. गृहस्थांना पटलं नाही. मिरवणुकीतल्या चित्ररथावर इंग्रजी फ्रिगेटला भगवा झेंडा लावून ‘गुरब’ म्हणून फिरवलेली मला पटत नाही, तेव्हा फिटंफाट. आरमाराचा अभिमान मलाही आहे. म्हणूनच त्याच्या अंगावर मी माझ्या मनातलं काही न सांगता चढवू इच्छित नाही.

ही गुरब या महोत्सवानिमित्त शाळेला देतो आहे, सोबत चार रकान्यांची वही. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की वही कुलपात ठेवू नये. नववी-दहावीच्या पोरांनी ती हाताळावी, आणि कुणाला शिवणीतल्या एखाद्या भागाला आधार सापडला तर कुठून सापडला ते लिहून तो भाग खुशाल सागवानात बदलावा. मागचा सज्जा त्यासाठी मुद्दाम दोन स्क्रूंवर बसवला आहे, सरस लावलेला नाही. नेताना सोंडेला धरू नये, खालच्या पाटाला धरावं. काचपेटी तळमजल्यावरच्या ग्रंथालयात ठेवायचं चाललंय असं कानावर आलं. २०१९ साली आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा ग्रंथालयाचं कुठलं कपाट कोरडं राहिलं हे शिपाईमामांना आधी विचारावं आणि पेटी त्याच्या वरच्या मजल्यावर न्यावी.