धारीदेवी आणि राडारोडा

चारधाम करून आलेल्या शेजारच्या काकूंकडे आज प्रसाद घ्यायला गेलो आणि तासभर अडकलो. विषय निघाला २०१३च्या केदारनाथच्या महापुराचा. काकू ठाम: "१६ जूनला धरणापायी धारीदेवीची मूर्ती हलवली, नि लगेच कोप झाला. सरकारला शिक्षा!" (धारीदेवी म्हणजे उत्तराखंडातल्या गढवालची स्थानिक देवी.)

सरकारला? मेले ते यात्रेकरू, खेचरवाले, ढाब्यावरची पोरं.

तारीख जुळते, हे मान्य. पण पाऊस १५ तारखेपासूनच कोसळत होता. १७ला सकाळी केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला. धारीदेवीचं देऊळ तिथून कितीतरी खाली, रुद्रप्रयागच्याही पुढे, अलकनंदेकाठी.

मला खरं तर दुसरीच गोष्ट खुपते. सरकारी निर्णयाचा आणि नुकसानीचा संबंध होताच, फक्त तो आभाळातून आलेला नव्हता. ज्या जलविद्युत प्रकल्पाच्या धरणापायी मूर्ती हलवली, त्याचाच नदीकाठी टाकलेला राडारोडा पुराबरोबर खालच्या श्रीनगरमधल्या (गढवालचं, काश्मीरचं नव्हे) घरांत शिरला. लोक हरित लवादात गेले. तिथे प्रकल्पाच्या कंपनीचा बचाव काय, तर ही दैवी आपत्ती, ॲक्ट ऑफ गॉड! लवादाने तो फेटाळला आणि २०१६मध्ये ९.२६ कोटींची भरपाई द्यायचा आदेश दिला.

म्हणजे काकू आणि कंपनीचे वकील एकाच बाजूला. हे सांगितल्यावर काकू जरा गप्प झाल्या. मग पुडी हातात देत म्हणाल्या, "ते असेल रे, पण तिथल्या लोकांचा एवढा विरोध असताना मूर्ती हलवायची कशाला?"

हा प्रश्न मात्र रास्त आहे.