लाल निशाण

पोलीस भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलींना 800 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. त्या भरतीला सोलापुरात माझी ड्युटी गोळ्याच्या वर्तुळापाशी होती. हातात दोन निशाणं, पांढरं आणि लाल.

हा खेळ माझाच. पूर्व भागातल्या दोन खोल्यांत आई मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळायची आणि मी पहाटे पार्क मैदानावर सरांच्या हाताखाली चार किलोचा गोळा टाकायचे. टाकायचे कसली, पहिला महिनाभर सरांनी नुसता धरायलाच लावला. तळहातावर घ्यायचा नाही, बोटांच्या मुळाशी पेलायचा, मानेला टेकवायचा. पुढं कॉलेजकडून विद्यापीठ स्पर्धा खेळले, तिसऱ्या वर्षी राज्य स्पर्धेत कांस्य मिळालं. त्या प्रमाणपत्राची पुण्याच्या क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळणी झाली आणि खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून मी खात्यात आले. अजूनही सुट्टी असली की सरांच्या पोरींना शिकवायला जाते.

त्यातलीच एक त्या दिवशी रांगेत दिसली. मी लगेच साहेबांकडं गेले. "सर, ही माझ्याकडं शिकलेली मुलगी आहे. मला दुसरीकडं द्या."

"कॅमेरा चालू आहे, टेप सगळ्यांसमोर धरतात. सांगितलंत ते बरं केलंत. आता तुमचं काम करा."

तिचा नंबर पुकारला. एरवी मला 'अक्का, अक्का' करणारी पोर "हा नंबर, मॅडम" म्हणाली आणि छातीवरचा कागद सरळ केला. माझ्याकडं नीट बघितलंही नाही. ती मला सांभाळून घेत होती. माझ्या पोटात कालवलं.

आधीच्या फेका जेमतेम. शेवटची संधी राहिली. तिनं गोळा मानेला लावला, डोळे मिटले, घसरत पुढं आली आणि कमरेतून असा काही झटका दिला की गोळा फक्कीच्या शेवटच्या रेषेपलीकडं जाऊन पडला. रांगेतल्या मुली ओरडल्या.

माझी नजर मात्र पुढच्या लाकडी पट्टीवर होती. तोल सावरताना तिच्या उजव्या बुटाचं टोक पट्टीच्या वरच्या कडेला टेकलं होतं. नखाएवढं. बुटाला फक्कीचा पांढरा ठिपका लागला होता.

मी लाल निशाण वर केलं.

तिनं खाली बुटाकडं बघितलं. "होय, मॅडम." एवढंच बोलली. मग वळून वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडली. गोळा टाकून झाला की मागूनच बाहेर यायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. फेक बाद झालेली असतानाही ती ते विसरली नाही. सही करताना तिची बोटं दिसली, टोकाला तंबाखूनं पिवळी पडलेली. आदल्या रात्रीही आईच्या सुपाला हात लावला असणार. माझ्या आईची बोटं अशीच होती.

संध्याकाळी सरांचा फोन आला.

"फाउल होता व्हय?"

"होता, सर. उजवा पाय."

"पट्टीवर?"

"पट्टीवर."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्या पहाटे बोलावलंय तिला. तूही ये."

ड्युटीच्या आधी गेले. अजून उजाडायचं होतं. ती आधीच येऊन खराट्यानं वर्तुळ झाडत होती.

"अक्का," म्हणाली, "उजवा पाय बघा की जरा."