तुम्ही विचारलंत म्हणून: अल्बर्ट एक्का आपले कसे?

डिसेंबर लागला की पालकांपैकी कुणीतरी हटकून विचारतं, "सर, परमवीर चक्र मिळालेले अल्बर्ट एक्का तर झारखंडचे. नागपूरच्या शाळेत दरवर्षी त्यांचंच का सांगता?"

आपल्या नागपूरजवळ कामठीला लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र आहे. पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेली काळी ट्रंक उचलून देशाच्या कानाकोपऱ्यातली पोरं तिथे येतात. ही रेजिमेंट १९४९ साली उभी राहिली तीच जात-प्रांत न बघता जवान घ्यायचे म्हणून. लान्स नायक एक्का हे याच रेजिमेंटच्या १४ गार्ड्स या तुकडीचे. गुमला जिल्ह्यातल्या जारी गावचे, उरांव आदिवासी घरातले. ज्या पलटणीने कुणाला गाव विचारून जवळ केलं नाही, तिच्या जवानाला आपण का विचारावं?

आता त्यांनी केलं काय, ते. फोटोला हार घालणारेही पुष्कळदा एवढंच सांगतात की ते शहीद झाले. मला ते पुरत नाही.

१९७१ चं भारत-पाकिस्तान युद्ध, डिसेंबरातल्या ३ आणि ४ तारखेच्या मधली रात्र. त्रिपुरातल्या आगरतळ्यापासून जवळच, सीमेपलीकडे म्हणजे आजच्या बांगलादेशात, गंगासागरला पाकिस्तानी फौजेची पक्की मोर्चेबंदी होती. एका बंकरमधली लाइट मशीनगन एक्कांच्या कंपनीतली माणसं पाडत होती. ते सरळ त्या बंकरवर धावून गेले, संगिनीने दोघांना मारलं, गन बंद पडली. यात स्वतः गंभीर जखमी झाले. तरी मागे गेले नाहीत, सोबत्यांबरोबर एकेक बंकर घेत पुढे सरकत राहिले. मोर्च्याच्या उत्तर टोकाला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून मीडियम मशीनगन सुरू झाली आणि हल्ला अडला. एक्का सरपटत तिथवर गेले, हातबॉम्ब टाकला. आत एक मेला, एक जखमी झाला, पण गन थांबेना.

इथे मी वर्गात थांबतो. पहिल्या वेळी माणूस आवेशात धावून जाईलही. पण अंगातून रक्त जातंय, बॉम्ब टाकून झालाय, आणि गन अजून सुरूच आहे. दुसरं कुणी बघेल, असं म्हणायची मुभा कुणाला असेल तर ती त्यांनाच होती. ते बाजूची भिंत चढून आत शिरले आणि संगिनीने ती गन बंद केली. ठाणं हाती आलं, त्यानंतर त्यांनी प्राण सोडला. २९ वं वर्ष पूर्ण व्हायला काही आठवडे बाकी होते. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या युद्धात पूर्व आघाडीवरचं हे एकमेव परमवीर चक्र.

समोरचेही कुणाची तरी मुलंच होती, हे मी मुलांपासून लपवत नाही. एक्कांचं मोठेपण मारण्यात नाही. मागे उघड्यावर पडलेल्या सोबत्यांवरच्या गोळ्या थांबाव्यात म्हणून ते चढले, आणि सोबती वाचले.

एका मुलीने विचारलं होतं, "सर, त्यांना दुखत नसेल का?" दुखत असणारच बाळा, म्हणून तर सांगतो.

जारीला त्यांचा देह गेला नाही, आगरतळ्याजवळच माती मिळाली. तिथे त्यांच्या नावाचं उद्यान झालं. तिथले लोकही त्यांच्या गावचे नव्हतेच. यंदा ३ डिसेंबरला प्रार्थनेनंतर मुलं परमवीर चक्राचं मानपत्र वाचणार आहेत, पूर्ण. पालकांनीही ऐकायला यावं.