पुरचुंडी

2022 साली परभणीच्या आज्जींनी तूरडाळीची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माय कुठंय तुझी? हाक मार." आईला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. आज्जींना कोणी कळवलंच नव्हतं.

आम्ही भवानी पेठेतले. पालखी विठोबाचं देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर. माउलींची पालखी तिथं दोन रात्री मुक्कामाला असते, आणि परभणीकडची एक दिंडी आमच्या वाड्याच्या चौकात उतरते. माझ्या जन्माआधीपासूनची ही रीत. आज्जी दरवर्षी आपल्या रानातली शेरभर डाळ धुवट फडक्यात बांधून आणायच्या. आई ती आमच्या डाळीत मिसळायची आणि दशमीला सगळ्या दिंडीला वरण-भात वाढायची. लसूण ठेचून अशी फोडणी द्यायची की वास गल्लीच्या टोकाला जायचा.

2020 आणि 2021 ला पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आई एप्रिल 2021 मध्ये गेली. त्या दिवसांत ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. तोंडात पाणी घालता आलं नाही, दारात कोणी येऊ शकलं नाही. नंतर दाखले, बँक, गॅसचं पुस्तक. मी रडले नव्हते. आज्जींनी पुरचुंडी खाली ठेवली, मला मांडीवर ओढलं आणि चौकात, पन्नास माणसांत, मी तासभर रडले. कोणी गप्प कर म्हणालं नाही. शेजारी हरिपाठ चालू होता, तो चालूच राहिला.

पहाटे त्या म्हणाल्या, "चल माझ्यासंगं." तेव्हापासून दरवर्षी मी एकादशीला त्यांच्याबरोबर सासवडपर्यंत जाते. तीसेक किलोमीटर. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं लोणीकडे जाते, आपण सासवडच्या रस्त्याला वळतो. त्या वर्षी पुढे चालणारी प्रत्येक नऊवारी मला पाठमोरी आई वाटत होती. दिवेघाटात माउलींच्या रथाला जादा बैल जोडले, माणसांचा लोंढा जरा थांबला. तेवढ्यात दिंडीतल्या एका बाईंनी हळूच सांगितलं, आज्जींचे मालकही गेल्या वर्षीच गेले, मे महिन्यात.

मी मटकन खाली बसले. आदल्या संध्याकाळपासून मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, तुमच्याकडं सगळी बरी आहेत ना?

ती डाळ मला शिजवता आली नाही. डब्यात भरून वर ठेवली. दिवाळीच्या साफसफाईत काढली तर भुंगे लागलेले. फेकताना वाटलं, आई पुन्हा एकदा गेली.

लोक म्हणतात काळ हेच औषध. मला ते पटत नाही. औषधानं दुखणं कमी होत जातं, माझं तसं सरळ काही झालं नाही. रस्ता तोच, तिथी तीच, म्हणून मला फरक दिसतो एवढंच. 2023 ला मला राग यायचा. पंच्याहत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन घाट चढताहेत आणि माझी आई बासष्टीत गेली, हा कुठला न्याय? मी दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. आज्जींनी त्याही वर्षी पुरचुंडी आणली होती. ती मी शिजवली, पण मला घास गिळवला नाही. 2024 ला वेगळंच. वडकी मागं पडली, घाटातून खाली मस्तानी तलाव दिसायला लागला, आणि लक्षात आलं की सकाळपासून आईची आठवणच आली नाही. इतकं अपराधी वाटलं की रस्त्याच्या कडेला बसून राहिले. आज्जी आल्या, शेजारी टेकल्या. पिशवीतून केळं काढून सोललं, अर्धं मला दिलं. काही बोलल्या नाहीत. उठल्या तेव्हा माझा हात धरून उठल्या, त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत.

2025 ला हडपसर सोडल्यावर मीच विचारलं, "आज्जी, आबा कसे होते हो?"

त्या घाट संपेपर्यंत बोलत होत्या. आबांना बैलांचा नाद होता. बाजारातून येताना बायकोला बांगड्या विसरायचे, पण बैलाच्या शिंगांचे गोंडे कधी विसरले नाहीत. सांगताना त्या हसत होत्या, पदरानं डोळेही पुसत होत्या. मग मी आईचं सांगितलं, तिला वारीत चालायचं होतं, पण दिंडीच्या भाकरी कोण भाजणार म्हणून ती कधीच निघाली नाही. आज्जींना ते ठाऊक होतं. दरवर्षी त्या तिला चल म्हणायच्या.

घाटमाथ्यावर वारा सुटला होता. राजगिऱ्याचा लाडू मोडता मोडता त्या म्हणाल्या, "काल वरणाला लसूण कमी पडला बघ. तुझी माय ठेचून घालायची, तू चिरून घातलास."

"पुढच्या वर्षी ठेचून घालते," मी म्हणाले.

"घाल," त्या म्हणाल्या, आणि काठी टेकत उठल्या.