बियांपासून वाढवलेलं कुंतीचं कुंपण

यावल तालुक्यात घर बांधलं तेव्हा कुंपणाला सगळ्यांनी मेंदी सुचवली. माझं मन कुंतीवर होतं. काही जण तिला कामिनी म्हणतात. मूळची आपल्याकडच्याच जंगलांतली, बारमाही हिरवी, फुलं पांढरी आणि फळं लालभडक. नर्सरीची रोपं एवढ्या लांबीला परवडेनात, म्हणून बियांपासूनच करायचं ठरवलं.

ग्यानबाची मेख एकच आहे: बी ताजं हवं. वाळवून डबीत ठेवलं की त्याची उगवण झपाट्याने घटते. त्यामुळे फळ पिकून लाल झालं रे झालं की तोडायचं, नाहीतर बुलबुल ठेवत नाहीत. फळ लांबट, टोकाशी निमुळतं. पाण्यात चोळलं की चिकट गर सुटतो आणि आत एक-दोन बिया निघतात, अंगावर बारीक लव असलेल्या. त्याच दिवशी माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशव्यांत त्या टोचल्या. शेजारच्या काकू रोज बजावायच्या, "पाणी दे, पण गारा नको करू." त्यांचं बरोबरच होतं, चिखलात मुळं कुजतात.

खरी कसोटी पहिल्या उन्हाळ्यात लागली. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. केळीच्या सुकलेल्या पानांचा मांडव केला, बुडाशीही तीच पानं अंथरली. आमच्या भागात ती बांधाबांधावर पडलेली असतात. चांगला पाऊस झाल्यावर रोपं जमिनीत लावली, पण वरंब्यावर, कारण काळ्या जमिनीत पाणी तुंबतं.

फुलं यायला धीर धरावा लागला. ती शेंड्यांवर येतात, त्यामुळे सारखी कात्री चालवली तर हिरवी भिंत होते, फूल मात्र दिसत नाही. फुलं गेल्यावरच छाटावं. पाण्याच्या ताणानंतर पाऊस पडला की झाड एकदम फुलतं आणि रात्री अंगणभर घमघमाट सुटतो.

एक गोष्ट मात्र लिंबू-मोसंबीवाल्यांनी ध्यानात ठेवावी. कुंती त्याच कुळातली आहे. बागेत ग्रीनिंग हा झाड खंगवणारा रोग पसरवणारी सायला कीड तिच्या कोवळ्या नवतीवरही, म्हणजे नव्या फुटीवरही, वाढते, आणि या रोगावर इलाज नाही. म्हणून नवती फुटली की मी पानं उलटून बघते. पिल्लं असतील तर पांढरे मेणचट धागे दिसतात. आमची लिंबं शेतात, गावापासून लांब आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, शेताच्या बांधावरही लावू ना कुंती." त्याला मी साफ नाही म्हटलंय.