पाऊस, वन बीएचके आणि चार वर्षांची मुलगी

चार दिवस झाले डोंबिवलीत पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये. बाल्कनीत, हॉलमध्ये सगळीकडे दोऱ्या आणि त्यावर दमट कपडे, गार्डनमध्ये नुसता चिखल. लेक चार वर्षांची. पहिल्या दोन दिवसांत मोबाईल जरा जास्तच दिला आणि मग रात्री अकरा वाजले तरी झोप नाही, चिडचिड, रडारड. अंगातली रग जिरलीच नव्हती ना, मग झोप येणार कुठून!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की ३-४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. तीन तास ऐकून मला टेन्शनच आलं होतं, पण ते सलग नसतात, दहा-पंधरा मिनिटं करत करत होतात, कपडे वाळत घालताना चिमटे पळत आणून देणं पण त्यातच आलं.

खरा मार्ग सासूबाईंनी दाखवला. म्हणाल्या, "अगं श्रावणात आम्ही काय अंगणात खेळायचो का? बाहेर धो धो पाऊस, मंगळागौर माजघरातच जागवायची." आणि खरंच की, फुगडी, बसफुगडी, झिम्मा, कोंबडा, हे सगळं घरात, थोड्या जागेत, काहीही सामान न लागता खेळायचंच आहे. बसफुगडी करून बघा, उकिडवं बसून पाय पुढे फेकायचे, दोन मिनिटांत मोठ्यांच्या पण मांड्या भरून येतात. लहान मुलांशी उभी फुगडी मात्र हळू घालायची, हाताला हिसका बसता कामा नये. टीपॉय आधी बाजूला, आणि मोजे काढून अनवाणी, कारण पावसाळ्यात फरशी घसरडी होते.

त्याशिवाय विषामृत, "शिवाजी म्हणतो", जमिनीवर गादी टाकून कोलांट्याउड्या. खाली राहणाऱ्या काकूंना आधीच विचारून ठेवलंय, त्या दुपारी दोन ते चार झोपतात, तेव्हा उड्या बंद, मग बेडूक सोडून मांजर व्हायचं, पाय न वाजवता अख्ख्या घरात फिरायचं.

आणि रिपरिप असेल तर मी तिला रेनकोट घालून खाली नेतेच, कोणी काही म्हणो. सर्दी व्हायरसने होते, पावसाच्या थेंबांनी नाही. फक्त साचलेल्या पाण्यात अजिबात नाही, त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि पायाला जरा खरचटलेलं असेल तरी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंमुळे येणारा ताप) होऊ शकतो. घरी आलं की साबणाने पाय धुवायचे, डोकं खसाखसा पुसायचं, गरम वरणभात.

काल साडेनऊला झोपली. उद्या पण मुसळधार सांगितलाय, गादी खाली काढून ठेवलीये.