फाईलमध्ये नसलेली पट्टी

मी वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस चालवते म्हटलं की लोकांना वाटतं, कोर्टात उभं राहून डॉक्टरांना धारेवर धरणं हेच माझं काम. खरं काम असतं झेरॉक्स वाचण्याचं. नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, संमतीपत्र, बिल. त्यात बिल सगळ्यात बोलकं असतं. न केलेल्या गोष्टीचे पैसे क्वचित लावतील, पण केलेल्या गोष्टीचे कोणी सोडत नाही.

भांडुपचं ते जोडपं आलं तेव्हा बरोबर सासूबाई होत्या. नवऱ्याने बसायच्या आतच विचारलं, "मॅडम, एफआयआर कुठे करायची?" हा प्रश्न सगळ्यांचाच असतो. गुन्हा दाखल झाला की न्याय मिळाला, असं आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय. त्यांना सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात ठरवून दिलंय की डॉक्टरला फौजदारीत ओढायचं तर निष्काळजीपणा घोर हवा आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या निष्पक्ष डॉक्टरांचं मत घ्यायला हवं. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता बरा. नर्सिंग होमने पैसे घेतलेत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालाप्रमाणे ती सेवा ग्राहक कायद्यात बसते. मुदत दोन वर्षांची.

हकीकत थोडक्यात अशी. छत्तिसावा आठवडा. पायावर सूज, डोकं दुखतंय. आदल्या तपासणीच्या कार्डावर बीपी १५०/१००, लघवीतल्या प्रथिनांचा रकाना कोरा, गोळी लिहून दिलेली आणि 'एका आठवड्याने'. दोनच दिवसांत रात्री पोट दगडासारखं घट्ट झालं, थोडं रक्त गेलं. दीडच्या सुमाराला दाखल. रात्रपाळीला एक होमिओपॅथीचा डॉक्टर, मुख्य मॅडम फोनवर. चारला ठोके सापडेनात म्हणून पालिकेच्या रुग्णालयात पाठवलं. तिथे सोनोग्राफीत बाळ पोटातच गेलेलं. वार (प्लासेंटा) आधीच सुटली होती, मागे रक्ताची मोठी गुठळी. बाई वाचली ती तिथल्या निवासी डॉक्टरांमुळे, हे मी त्यांचे कागद वाचून सांगते.

नर्सिंग होमच्या नोट्स मात्र अशा, की बघताक्षणी माझी मान वाकडी झाली. दर अर्ध्या तासाला 'ठोके १४२, नियमित'. एकच पेन, एकच तिरपा हात, सगळ्या ओळी एका दमात लिहिल्यासारख्या. सीटीजी म्हणजे बाळाचे ठोके आणि कळा कागदाच्या पट्टीवर उमटवणारी तपासणी. तिच्यापुढे 'रिॲक्टिव्ह', म्हणजे सगळं ठीक. पट्टी मात्र फाईलमध्ये नाही. बिलात सीटीजीचे पैसे आहेत.

पट्टी होती नवऱ्याच्या मोबाइलमध्ये. लॅब टेक्निशियन असलेल्या मावसभावाला दाखवावी म्हणून त्याने फोटो काढला होता. पट्टीवर छापलेली वेळ दोन दहा, फोटोची दोन अठरा. आधी मी त्याच्याकडून वचन घेतलं: हा फोन विकायचा नाही, रीसेट करायचा नाही, फोटोवर एडिटिंग नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत फोटो दाबला जातो, कधी काढला ही माहितीही गळून पडते. मूळ फाईल, मूळ फोन आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, हे तिन्ही हातात असलं की समोरच्या वकिलाला फारसं बोलता येत नाही. खरी पट्टी मिळाली तरी ती थर्मल कागदावर असते, बसच्या तिकिटासारखी विरत जाते. म्हणून माझ्याकडे पट्टी आली की आधी स्कॅन, मग चहा.

फोटो मोठा करून पाहिला. एका मिनिटाला एक सेंटिमीटर कागद सरकतो. सुदृढ बाळाची रेघ ११० ते १६० च्या मध्ये सतत थरथरत असते. इथली रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी सपाट, आणि प्रत्येक कळेनंतर थोडी उशिराने खाली घसरणारी. हे वाचायला मला एका निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञांनी शिकवलंय. त्यांना फोटो दाखवला. "ही बघून कोणी झोपूच शकत नाही," म्हणाले. लेखी द्याल का विचारलं, तर "अहो, असोसिएशनमध्ये रोज तोंड दाखवायचंय." हा अनुभव नवा नाही. फोनवर सगळे डॉक्टर निर्भीड असतात. प्रत्येक केसला तज्ज्ञ लागतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालय २०१० मध्येच म्हणालंय. पण दोन दहाला सिझेरियनचा निर्णय झाला असता तर बाळ जगलं असतं का, हे मी कोणाच्या तोंडून वदवू? वार अचानकही सुटते. शवविच्छेदनाला घरच्यांनी नाही म्हटलेलं, वार तपासणीला गेली की कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, याची कागदात नोंद नाही.

म्हणून मी सुनेला तो प्रश्न विचारला. समोरचा वकील विचारणारच, त्यापेक्षा आधी माझ्याकडून ऐकलेला बरा. "पोट कधीपासून दुखत होतं?"

"अकरापासून."

"मग दीड का वाजला?"

ती माझ्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत राहिली. नवरा म्हणाला, मी नाईटला होतो, फोन आल्यावर विक्रोळीहून निघालो. तेवढ्यात सासूबाई बोलल्या. "मीच म्हटलं होतं, सकाळी बघू. पहिलटकरणीला असं होतं म्हणून." त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सून वळून त्यांच्याकडे बघायला लागली. तिच्या नजरेत राग होता असं मला वाटलं नाही. तिलाही ते माहीत होतं आणि आजवर त्या घरात कोणी बोललं नव्हतं, एवढंच मला कळलं.

माझ्या धंद्याच्या हिशोबाने त्या अडीच तासांनी नर्सिंग होमचा दोष धुऊन निघत नाही. दाखल झाल्यावर काय केलं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि पट्टी दाखल झाल्यानंतरची आहे. पण प्रतिज्ञापत्रात अकरा वाजता लिहावं लागेल. उलटतपासणीची प्रश्नावली आली की सासूबाईंचं वाक्य त्यात असेल, आणि उत्तर सुनेला शपथेवर द्यावं लागेल.

तिने खालच्या आवाजात विचारलं, "आईंचं नाव न घेता नाही का करता येणार?" मी म्हटलं, कोणी विचारलं तर खोटं लिहिता येणार नाही. विचारेपर्यंत आपणहून लिहायची गरज नाही. नवऱ्याला हे पटलं नाही. त्याच्या मते आई मध्ये येतेच कुठे? सासूबाई गप्प होत्या.

नर्सिंग होमला मूळ पट्टी आणि संपूर्ण कागदपत्रांसाठी रजिस्टर्ड पत्र गेलंय. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यायला हवेत. ७२ तास कधीच उलटून गेले. नोटिशीचा मसुदा तयार आहे. नवरा रोज फोन करतो, नोटीस कधी पाठवताय विचारतो. सही मात्र तिची लागणार आहे, आणि तिने दिवाळीपर्यंत वेळ मागितलाय.